अडीच वाजताची गोष्ट

सोमवारी सकाळी रेहेमा मुलीला पाळणाघरात सोडायला आली तेव्हा तिच्या हातात कागदाचा एक कपटा होता. त्यावर इंग्रजी अक्षरांत एकच शब्द लिहिला होता. तिनं तो राजलक्ष्मीपुढे धरला.

"दादा, हे काय असतं?"

रेहेमा केनियातल्या मोंबासाची. तिच्या स्वाहिली भाषेत मोठ्या बहिणीला दादा म्हणतात, म्हणून राजलक्ष्मीला ती पहिल्या दिवसापासून दादाच म्हणायची. सोसायटीतल्या बायका आधी हसल्या, मग त्यांनाही सवय झाली. दोघींचं बोलणं चालायचं ते हिंदी आणि इंग्रजी मिसळून. दोन्ही संपलं की हातवारे.

राजलक्ष्मीनं कागद वाचला. "वाकळ. म्हणजे गोधडी. जुन्या साड्या एकावर एक ठेवून शिवतात ना, ती. आमच्या सासूबाई दुपारी पोरांना वाकळेवर झोपवतात."

रेहेमानं मान हलवली. मग तिनं झालेलं सांगितलं. रविवारी दुपारी झुहुरा झोपेला आली होती आणि वाकळ, वाकळ म्हणून रडत होती. रेहेमानं दूध दिलं, पाणी दिलं, केळं सोलून दिलं, बाहुली दिली. जुमानं, झुहुराच्या वडलांनी, खांद्यावर घेऊन घरभर फेऱ्या मारल्या. पाऊण तास रडून पोरगी शेवटी फरशीवरच झोपली.

"माझी मुलगी माझ्याकडे काहीतरी मागत होती," रेहेमा म्हणाली, "आणि ते खायचं आहे की खेळायचं आहे, एवढंही मला कळत नव्हतं."

सांगताना ती हसत होती. राजलक्ष्मीही हसली. आतून एक वाकळ घडी करून आणली आणि घरी न्या म्हणाली. रेहेमानं ती घेतली, मुलीच्या डोक्यावर हात फिरवला आणि लिफ्टकडे गेली. साडेदहाला तिचं ऑफिस सुरू व्हायचं. मोंबासाच्या एका जहाज कंपनीचं काम ती चौथ्या मजल्यावरच्या घरात बसून करायची. तिथे तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असत.

पाळणाघर तळमजल्यावर होतं, करंजाड्यातल्या सहा मजली बिल्डिंगमध्ये. राजलक्ष्मीचे सासरे ज्योतिबा तुर्भ्याच्या बाजारात बत्तीस वर्षं कांदा-बटाट्याच्या गोणी पाठीवर वाहत होते. गुडघे गेले तेव्हा त्यांनी कोपरखैरण्याची खोली सोडून इथे घर घेतलं, मुद्दाम जिना नसलेलं. नवरा विश्वजित रबाळ्याच्या एका कारखान्यात होता. स्वतःची मुलगी शाळेत जायला लागल्यावर राजलक्ष्मीनं हॉलमध्ये पाळणाघर काढलं. खरा भार उचलला तो सासूनं, रंगूबाईंनी. आठ पोरं होती. कुणाला भरवायचं, कुणाला थोपटायचं, कुणाचं कुणाशी भांडण, सगळं त्यांच्याकडे.

जुमा बंदरावरच्या क्रेन दुरुस्त करायचा. त्याच्या कंपनीचं गोदाम द्रोणागिरीला होतं आणि सकाळी सहाला कंपनीची बस नाक्यावर यायची. या कुटुंबाला घर मिळायला वेळ लागला होता. दोन सोसायट्यांनी त्यांना बघून नाही म्हटलं होतं. कारण सांगितलं नव्हतं, पण ते न सांगताही कळण्यासारखं होतं. इथले सेक्रेटरी जयप्रकाश यांनी फक्त गाडी आहे का एवढं विचारलं, कारण पार्किंग शिल्लक नव्हतं. गाडी नाही म्हटल्यावर त्यांनी सही केली.

झुहुरा आली तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. आईला मामा, वडलांना बाबा आणि पाणी मागायला 'माजी', एवढंच बोलायची. पहिले आठ दिवस रडली. नवव्या दिवशी रंगूबाईंच्या कडेवर बसली ती जवळजवळ दीड वर्ष उतरलीच नाही. त्यामुळे तिला जी भाषा आली ती रंगूबाईंची आली, आणि रंगूबाई होत्या साताऱ्याकडच्या. करंजाड्यातली बाकीची पोरं "मला नको" म्हणत, तेव्हा झुहुरा "मला नगं" म्हणायची. भात नको असला की ताट सरकवून "बास झालं बया" म्हणायची. ज्योतिबा दुपारी बाहेरून आले की कमरेवर हात ठेवून विचारायची, "कुटं गेलतास रं?" म्हातारा खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचा. त्यांना मात्र ती बाबू म्हणायची. हे कुठून आलं ते कुणाला माहीत नव्हतं.

रंगूबाईंना तिचं नाव काही म्हणता येत नव्हतं. "जीभ वळंना माजी," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी तिला जुई म्हणायला सुरुवात केली. मग राजलक्ष्मी म्हणू लागली, पोरं म्हणू लागली. वॉचमनसुद्धा.

वाकळेच्या सोमवारनंतर रेहेमा रोज एक शब्द आणायला लागली. "कडंवर म्हणजे काय?" "हिकडं म्हणजे?" "आत्ता गं बया, हे कशासाठी म्हणतात?" राजलक्ष्मी सांगायची आणि रेहेमा मोबाइलमध्ये टिपून घ्यायची. राजलक्ष्मीला वाटायचं, बरंय, या निमित्तानं ही पण मराठी शिकतेय. तिला जरा अभिमानही वाटायचा. परदेशातली पोर आपल्या घरात आपली भाषा शिकली, हे ती भाजीवाल्यापासून माहेरच्यांपर्यंत सगळ्यांना सांगत होती.

तो अभिमान एका शुक्रवारी संध्याकाळी उतरला.

साडेसहाला रेहेमा मुलीला न्यायला आली आणि दारातच तिचा फोन वाजला. मोंबासाहून तिच्या आईचा व्हिडिओ कॉल होता. रेहेमानं खाली बसून फोन मुलीपुढे धरला. पडद्यावर डोक्यावरून ओढणी घेतलेली एक म्हातारी दिसली. तोंडभर हसत ती नातीशी काहीतरी बोलत होती. झुहुरा बघत राहिली. रेहेमा तिला हळू आवाजात 'बीबी, बीबी' म्हणत होती. त्यांच्याकडे बीबी म्हणजे आजी. राजलक्ष्मीनंही मदत म्हणून सांगितलं, "जुई, आजी आहे ती. आजीला टाटा कर."

झुहुरानं फोनकडे बघितलं, मग मागे वळून रंगूबाईंकडे बोट केलं. "ही आज्जी न्हाई. ती आज्जी हाय."

पडद्यावरच्या म्हातारीनं काहीतरी विचारलं. रेहेमानं राजलक्ष्मीकडे मान वर केली. "काय म्हणाली ती?"

"लाजतेय," राजलक्ष्मी म्हणाली.

पण बोट अजून रंगूबाईंकडेच होतं, आणि बोटाला भाषा लागत नाही. म्हातारीचं हसू हळूहळू ओसरलं. ती रेहेमाशी दोन-तीन वाक्यं बोलली, रागानं नव्हे, थकल्यासारखी. रेहेमानं फोन बंद केला, मुलीच्या पायांत चपला घातल्या आणि नेहमीसारखं "येते, दादा" न म्हणता गेली.

रविवारी संध्याकाळी तिचा मेसेज आला. उद्यापासून झुहुराला घरीच ठेवणार आहे, तुम्ही खूप केलंत, आभारी आहे.

राजलक्ष्मीनं तो सासूला वाचून दाखवला. रंगूबाई लसूण सोलत होत्या. बराच वेळ त्या सोलतच राहिल्या.

"लेकरू तिचं हाय," शेवटी त्या म्हणाल्या.

"म्हणून असं? दीड वर्ष सांभाळलं आपण. एका शब्दानं विचारायचं तरी. आपलं काय चुकलं?"

"चुकलं आसंल कायतरी. आपल्याला दिसंना म्हून काय झालं?"

राजलक्ष्मीला ते पटलं नाही. ती दुखावली होती, आणि दुखावलेलं माणूस पाहुण्यांसारखं वागतं तशी ती पुढचा आठवडाभर रेहेमाशी वागली. लिफ्टपाशी भेट झाली की "कसं काय, बरं आहे ना," एवढंच. रेहेमाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती, ती तिला दिसत होती. तिनं विचारलं नाही. रंगूबाईंनी एकदा वाटीभर शिरा झाकून वर पाठवते म्हटलं, तर राजलक्ष्मी म्हणाली, "राहू द्या आई. त्यांना नको असेल आपलं काही."

ज्योतिबा मात्र रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या मागच्या बाजूला फेऱ्या मारायला जाऊ लागले. चौथ्या मजल्याची बाल्कनी तिकडे होती. जाळीतून दोन हात बाहेर यायचे आणि वरून "बाबू" अशी हाक यायची. ते हात हलवायचे, थोडं थांबायचे आणि परत यायचे. आठव्या-नवव्या दिवशी ते आल्या आल्या म्हणाले, "पोरगी आज बोलली न्हाई. नुस्ती हुभी हुती."

त्याच संध्याकाळी बुशरा मुलाला न्यायला आली. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची, मूळची उरणकडची. नवरा फहाद मस्कतला एका बँकेत होता. बारा वर्षं तिकडे काढून ते सगळे दोन वर्षांपूर्वी परत आले होते. धाकटा मुआज शाळेतून सुटला की पाळणाघरात थांबायचा. मोठी सहर दहावीत होती. बुशराला सगळ्या बिल्डिंगची खबर असायची.

"वरचीचं काय झालं?" तिनं विचारलं.

राजलक्ष्मीनं सगळं सांगितलं, मनातल्या रागासकट. बुशरा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. "आमची सहर चार वर्षांची होईपर्यंत मल्याळम बोलायची."

"काय सांगतेस?"

"मग काय. मी तिकडे शाळेत शिकवायला जायची. शेजारी केरळची एक अम्मा होती, तिच्याकडे ठेवायची. सहर घरी आली की मल्याळम. जेवताना मल्याळम, भांडताना मल्याळम. फहाद वैतागायचा. मी तर एकदा बाथरूममध्ये जाऊन रडली. पोटची पोर आणि तिचं मला एक अक्षर समजेना. तू हसते आहेस, पण तेव्हा हसू येत नाही, राजी. परक्या मुलखात आधीच आपलं कुणी नसतं. एक पोर असते, आणि ती पण दुसऱ्याची झाल्यासारखी वाटते."

राजलक्ष्मी हसायची थांबली.

"मग काय केलंस? काढलीस तिला तिथून?"

"काढली ना. एक महिना. पोरगी मुकी झाली. मल्याळम बोलेना, आपली पण बोलेना. शेवटी ती अम्माच घरी आली. मला म्हणाली, तू पण माझ्याकडे येऊन बसत जा. झालं. मी जायला लागली, तिथे बसून सहरशी आपल्या बोलीत बोलायला लागली. पोरांचं काय असतं, त्यांना जिथे बरं वाटतं तिथली भाषा ती बोलतात. आपण तिथे नसलो तर आपली कशी बोलणार?"

राजलक्ष्मीनं जरा विचार केला आणि चपला घातल्या. "चल माझ्याबरोबर वर."

रेहेमानं दार उघडलं तेव्हा तिच्या कानात अजून ऑफिसचा हेडफोन होता. टीव्हीवर आवाज बंद करून कार्टून लावलेलं होतं. झुहुरा सोफ्यावर वाकळेत बसली होती. राजलक्ष्मीला बघून ती उठली, दोन पावलं आली आणि आईकडे बघून थांबली. तिचं ते थांबणं राजलक्ष्मीच्या फार जिव्हारी लागलं. तीन वर्षांच्या पोरीला कुणाकडे जावं याचा विचार करावा लागत होता.

रेहेमानं चहा केला. वेलची, आलं, भरपूर दूध, अगदी इथल्यासारखा. त्यांच्याकडेही त्याला चायच म्हणतात. बुशरानं आपली मस्कतची गोष्ट पुन्हा हिंदीत सांगितली. रेहेमा ऐकता ऐकता रडली. मग डोळे पुसून तिनं जे सांगितलं ते राजलक्ष्मीला अपेक्षित नव्हतं.

"भाषेचं मला वाईट वाटलं, पण एवढं नाही. त्या शनिवारी मी तिला हाक मारली. झुहुरा, इकडे ये. ती आली नाही. पुन्हा मारली. ती म्हणाली, जुई. स्वतःच्या छातीवर हात ठेवून. जुई." रेहेमानं कप खाली ठेवला. "झुहुरा हे माझ्या आजीचं नाव. आमच्याकडे पहाटे जो तारा दिसतो ना, सगळ्यात मोठा, त्याचं पण नाव. मी गरोदर होते तेव्हा आजी गेली. तिचं नाव ठेवायचं म्हणून मी जुमाच्या घरच्यांशी भांडले होते."

दीड वर्ष राजलक्ष्मी या पोरीचं नाव हजेरीच्या वहीतसुद्धा जुई असं लिहीत होती. ते कुणाचं नाव आहे, त्याचा अर्थ काय, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

"आमच्याकडे त्याला शुक्राची चांदणी म्हणतात," ती म्हणाली. "माझं चुकलं, रेहेमा. लाडानं म्हणत होतो, पण विचारायला हवं होतं."

"तुम्ही लाडानं म्हणता ते मला माहीत आहे. म्हणूनच मला काही बोलता येत नव्हतं."

मग बुशरानं मुद्द्याचं विचारलं. "तुला जेवायची सुट्टी किती वाजता असते?"

"बारा ते एक. म्हणजे तुमचे अडीच ते साडेतीन."

"अडीचलाच पोरांना झोपवायचं असतं," राजलक्ष्मी म्हणाली. "सगळ्यात जास्त दंगा तेव्हाच. तू खाली ये. गोष्ट सांग त्यांना. तुझ्या भाषेत."

"त्यांना कळणार नाही."

"झोपायला कुठे कळावं लागतं?"

दुसऱ्या दिवशी अडीचला रेहेमा झुहुराला घेऊन आली. कधी नव्हे ती घाबरली होती. रंगूबाईंनी सकाळपासून नावाचा सराव केला होता. "झु... हु... रा," त्या ओट्यापाशी उभ्या राहून म्हणत होत्या, प्रत्येक अक्षराला मान हलवत. आठ पोरं चार वाकळांवर पसरली होती. त्या दिवशी शाळेला सुट्टी असल्यानं मुआजही होता, शाळेत जाणारा म्हणून जरा तोऱ्यात. रेहेमा त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

त्यांच्याकडे गोष्ट एकदम सुरू करत नाहीत. सांगणारा म्हणतो 'पाउक्वा'. ऐकणाऱ्यांनी 'पाकावा' असं उत्तर द्यायचं असतं. उत्तर आलं की गोष्ट सुरू. रेहेमानं राजलक्ष्मीला हे समजावलं, राजलक्ष्मीनं पोरांना.

"पाउक्वा," रेहेमा म्हणाली.

पोरं एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसली. कुणीतरी भलताच आवाज काढला. झुहुरा रंगूबाईंच्या मागे जाऊन लपली आणि त्यांच्या पदरात तोंड खुपसून बसली. आपली आई इथे येऊन असं काय बोलतेय, याची तिला लाज वाटत असावी. रेहेमाला ते दिसलं. तिनं पुन्हा "पाउक्वा" म्हटलं, पण आवाज पडला होता.

"पाकावा," रंगूबाई म्हणाल्या. खणखणीत, देवळात आरतीला म्हणावं तसं.

मग रेहेमानं एकट्या रंगूबाईंना गोष्ट सांगितली. रंगूबाईंना एक शब्द कळत नव्हता, पण त्या हुंकार देत होत्या. पोरं मध्येच उठली, दोघांचं उशीवरून भांडण झालं, एकाला शू लागली. साडेतीनला रेहेमा उठली तेव्हा एकही झोपलं नव्हतं. "उद्या नको," ती दाराशी म्हणाली.

"उद्या ये," रंगूबाईंनी आतून सांगितलं. हे मात्र रेहेमाला भाषांतर न करता समजलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी पाकावा म्हटलं. तिसऱ्या दिवशी चौघांनी. त्या शब्दात पोरांना काहीतरी गंमत वाटली असावी, कारण शुक्रवारपर्यंत ती अडीचच्या आधीच दाराकडे बघून पाकावा ओरडायला लागली होती. गोष्ट कळण्याचा प्रश्न नव्हता. रेहेमा हातांनी, डोळ्यांनी सांगायची. मांजर आली की पाठ वाकवायची, मासा आला की तळहात वळवळवायची. झुहुरा मात्र अजून रंगूबाईंच्या मागेच होती. तोंड बाहेर काढलं होतं, एवढाच फरक.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी रेहेमा मांजराची गोष्ट सांगत होती. तिची स्वतःचीच, तिथेच बसून जुळवलेली. गोष्ट रंगात आली आणि रंगूबाईंनी, सवयीनं, न राहवून विचारलं, "मग गं? फुडं काय झालं त्या मांजरीचं?"

त्यांच्या मागून उत्तर आलं.

"आज्जी, मांजरीला भूक लागलीया. तिला मासं खायाचं हायती. म्हून ती माशांची भाषा शिकली. पन आता मासं लई ग्वाड बोलत्यात, मग ती खाईना."

राजलक्ष्मीच्या हातात दुधाची बाटली तशीच राहिली. रेहेमा बोलायची थांबली होती. मुलगी काहीतरी म्हणाली एवढंच तिला कळलं होतं, काय ते नाही.

"ती काय म्हणाली, दादा?"

राजलक्ष्मीनं सांगितलं. एकेक वाक्य, जसंच्या तसं. मांजर, भूक, माशांची भाषा. मासे गोड बोलतात म्हणून मांजर खात नाही, इथपर्यंत ती आली तेव्हा रेहेमानं दोन्ही हात तोंडावर धरले.

"मी हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "अगदी हेच. तिला सगळं कळतंय."

"कळत व्हतंच तिला," रंगूबाई म्हणाल्या. "बोलायाचं राह्यलं व्हतं, एवढंच." आणि त्यांनी पाठीमागे हात घालून पोरीला पुढे ओढलं. "जा, तितं बस. हितनं मला नीट ऐकू येईना. तितनं सांग मला."

झुहुरा आईशेजारी जाऊन बसली. रेहेमा एक वाक्य सांगायची, झुहुरा ते रंगूबाईंना सांगायची, आणि बाकीची सात पोरं दोघींकडे आळीपाळीनं माना वळवायची. मांजरीला शेवटी एका म्हातारीनं वाटीभर दूध दिलं आणि गोष्ट संपली. रेहेमा उठायला लागली तेव्हा झुहुरानं तिचा ड्रेस धरला.

"तेना," ती म्हणाली.

राजलक्ष्मीला वाटलं काहीतरी हवंय. पण रेहेमा खाली बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ तिच्या केसांत तोंड लपवून राहिली. मग तिनं सांगितलं, तेना म्हणजे पुन्हा.

त्या दिवशी मोंबासाच्या ऑफिसात ती वीस मिनिटं उशिरा पोचली.

पुढच्या सोमवारपासून झुहुरा पूर्ण वेळ पाळणाघरात यायला लागली. एका दिवसात काही सगळं बदललं नाही. भांडताना ती अजून सातारचीच होती. पण आईला बघितलं की तिचं बोलणं वळायचं, आधी एक शब्द, मग दोन, मग अर्धं वाक्य. जुमा एकदा सुट्टीच्या दिवशी खाली आला आणि ज्योतिबांच्या शेजारी बसून त्यानं सगळी गोष्ट ऐकली. जाताना त्यानं हातवारे करून सांगितलं की त्याच्या गावाकडे बाबू म्हणजे आजोबा. ज्योतिबांनी ते दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि त्या आठवड्यात बाजारातल्या जुन्या सोबत्यांना फोन करकरून सांगितलं.

नावाचं असं झालं की रंगूबाईंना झुहुरा म्हणता यायला लागलं. मग एके दिवशी रेहेमा स्वतःच हाक मारताना जुई म्हणून गेली. तिघीही एकमेकींकडे बघत राहिल्या. रेहेमानं खांदे उडवले. दोन नावं असली म्हणून बिघडत नाही, ती म्हणाली, एक हरवू नये एवढंच.

जूनमध्ये झुहुराला शाळेत घालायचं होतं. प्रवेशासाठी भेटायला बोलावलं त्या दिवशी जुमाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून राजलक्ष्मी बरोबर गेली. फॉर्ममध्ये मातृभाषा असा रकाना होता. रेहेमानं तिथे स्वाहिली लिहिलं. त्याखाली घरी बोलल्या जाणाऱ्या इतर भाषा असं होतं. तिनं पेन राजलक्ष्मीच्या हातात दिलं. "मराठी तू लिही. मराठीत लिही."

टीचरनं झुहुराला इंग्रजीत नाव विचारलं. तिनं नीट सांगितलं, झुहुरा जुमा. मग तिनं टीचरलाच तिचं नाव विचारलं, मराठीत, "आन तुजं गं?" अशा शब्दांत. टीचर आधी चमकली आणि मग टेबलावर डोकं ठेवून हसली. तिचं नाव अबोली होतं, आणि तिची आई साताऱ्याजवळच्या कोरेगावची होती.

शाळेतून निघायला बारा वाजले. येताना तिघी पनवेलच्या मच्छी बाजारात थांबल्या, कारण रेहेमाला त्या रात्री नारळाच्या दुधातला मासा करायचा होता आणि रंगूबाईंना तो शिकायचा होता. रंगूबाई सोमवारी मासळी खात नसत, पण तो मंगळवार होता. रेहेमानं सुरमई उचलून कल्ले बघितले, बोटानं दाबून बघितली आणि कोळणीला मराठीत म्हणाली, "ताजा न्हाई."

कोळणीनं तिच्याकडे, मग राजलक्ष्मीकडे बघितलं. "ही कुठनं आली गो, सातारशी का?"

राजलक्ष्मीला हसू आवरेना. झुहुरा मध्येच आईचा हात ओढत होती. तिला खेकडे बघायचे होते. रेहेमानं सुरमई खाली ठेवली, दुसरी उचलली, आणि कोळण ती साफ करेपर्यंत तिघी खेकड्यांच्या टोपलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.